शिवेच्या आतले गाव

मे महिन्यात घरी असताना एका संध्याकाळी ओटीवर लॅपटॉप उघडून बसले होते. पडद्यावर भातशेती होती, तिच्यातून गेलेले पाण्याचे कालवे होते, मावळतीच्या उजेडात मुले घराकडे पळत होती आणि कुठल्याशा भोंग्यातून एक संथ सूर साऱ्या गावावर पसरत होता. आई देवाजवळचा दिवा लावून तुळशीकडे निघाली होती. ती उंबऱ्यापाशी थांबली. पडद्याकडे तिने पाहिलेही नाही, नुसते ऐकले आणि म्हणाली, "तिनसांजेक असला रडका कित्या लावलंस? बंद कर आधी." मी बंद केले, तिन्हीसांजेला आईशी वाद घालू नये इतपत शहाणपण मला आता आले आहे. तिचे ते वाक्य मात्र पुढे बरेच दिवस डोक्यातून जाईना, कारण तो सूर रडका नाही, निदान तो वाजवणाऱ्यांच्या लेखी तरी नाही. मुलांनो, दिवस संपला, घरी चला, एवढेच तो सांगतो. आणि तरीही आईला त्यात जे ऐकू आले, तेच मला पहिल्या भागापासून ऐकू येत होते.

मालिकेचे नाव 'शिनसेकाई योरी', म्हणजे 'नव्या जगातून'. ती माझ्या भाचीने लावून दिली. ती पुण्यात शिकते, सुट्टीत आजोळी येते आणि येताना मला काहीतरी बघायला लावते. "मावशी, तुला हे आवडणार नाही, पण तू बघच" ही तिची शिफारस करण्याची पद्धत आहे. ए-१ पिक्चर्स या स्टुडिओची, मासाशी इशिहामा यांनी दिग्दर्शित केलेली ही २५ भागांची अ‍ॅनिमेशन मालिका २०१२ च्या शरद ऋतूत जपानी दूरचित्रवाणीवर सुरू झाली आणि पुढच्या मार्चमध्ये संपली. मूळ कादंबरी युसुके किशी यांची, २००८ सालची. मी चौथ्या भागापर्यंत पोचले आहे, त्यामुळे हे सगळे पहिल्या ओळखीचे लिहिणे आहे. पुढे काय होते ते भाचीला ठाऊक आहे आणि ती ते सांगणार नाही, असा आमचा करार आहे.

आधी त्या सुराविषयी. आंतोनिन द्वोर्झाक हा झेक संगीतकार न्यूयॉर्कमध्ये संगीतशाळेचा प्रमुख म्हणून गेला होता, तेव्हा त्याने रचलेली ही सिंफनी. तिचा पहिला प्रयोग १८९३ च्या डिसेंबरमध्ये न्यूयॉर्कलाच झाला आणि तिचेही नाव 'नव्या जगातून' असेच आहे. तिच्या संथ भागातली इंग्लिश हॉर्न या सुषिर वाद्यावरची ही ओळ त्याच्या एका शिष्याने, विल्यम आर्म्स फिशरने, १९२२ मध्ये शब्दांत बसवली आणि तिचे घरी परतण्याचे गाणे झाले. जपानने ते आपलेसे केले. तिथल्या कित्येक गावांत आणि शहरांत संध्याकाळी पाचच्या सुमारास खांबांवरच्या भोंग्यांतून एखादी धून वाजते. कुठे एखादे जुने बालगीत, कुठे हीच ओळ. मुले खेळ मोडून घरी जातात. ते भोंगे मुळात भूकंपाची, त्सुनामीची, वादळाची सूचना देण्यासाठी उभारलेले आहेत, आणि रोजची धून ही ते चालू आहेत ना याची तपासणीसुद्धा असते. हे कळल्यावर मी पहिला भाग पुन्हा पाहिला. ज्या यंत्रातून एक दिवस 'पळा' असे ओरडायचे आहे, त्याच यंत्रातून रोज संध्याकाळी 'या' असे गोड आवाजात म्हणायचे, या योजनेत मला काहीही वावगे दिसत नाही. उलट २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ आमच्या किनाऱ्याला घासून वर गेले, तेव्हा वीज गेलेली, फोन बंद, आणि खबर देणारे साधन म्हणजे रस्त्यावरून फिरणारी एक भोंगा लावलेली रिक्षा, तिचेही अर्धे शब्द वाऱ्याने नेलेले, हे आठवून मला त्या खांबांचा हेवाच वाटला. पण मग त्या सुराखाली कायम दुसरा एक सूर दबून राहणार, हेही खरे. आईच्या कानाला बहुधा तो लागला असावा.

मालिका सुरू होते ती आपल्या काळातल्या एका शहरात. भर गर्दीच्या रस्त्यात एक मुलगा उभा आहे आणि त्याच्या आजूबाजूची माणसे मरू लागतात; हात लावावा लागत नाही, नुसत्या मनाच्या बळावर. का, कोण, कसे, याचे एका शब्दाने स्पष्टीकरण नाही. नेहमीचे झगमगीत शीर्षकगीतसुद्धा नाही. पुढच्या क्षणी आपण हजार वर्षे पुढे असतो आणि तिथे शांतता असते. भविष्यातल्या वाईट जगाची चित्रे इतकी पाहिली आहेत की डोळ्यांनी आपली तयारी करूनच ठेवलेली असते: सततचा पाऊस, उंच काळ्या इमारती, निऑनचे दिवे, पाळत ठेवणारे कॅमेरे. इथे त्यातले काही नाही. कामिसु ६६ नावाचे गाव आहे, आजच्या इबाराकी प्रांतातल्या तोने नदीच्या काठी. लाकडी घरे, गवताचा हिरवा वास येईलसे वाटणारे बांध, कालव्यांतून सरकणाऱ्या होड्या. तारा नाहीत, गाड्या नाहीत. वाळत घातलेले कपडे आहेत. माणसे एकमेकांना नावाने ओळखतात. मी मनात म्हटले, यात वाईट काय आहे? हे तर पावसाळा उलगडल्यानंतरचे आमचे गाव आहे.

वाईट काय आहे ते मालिका सांगत नाही. ती दाखवत जाते, आणि तेही नजरेच्या कडेला.

या गावातल्या प्रत्येक माणसाकडे ती मनाची शक्ती आहे, जिने हजार वर्षांपूर्वी शहरे उद्ध्वस्त झाली. मूल वाढत्या वयात आले की एके रात्री ती त्याच्यात जागी होते, घरातल्या वस्तू आपोआप थरथरू लागतात. नायिका साकी ही तिच्या मैत्रिणींत सगळ्यांत मागे राहिलेली. बाकीच्या पुढच्या शाळेत गेल्या तरी हिच्यात काही जागे होईना. शेवटी होते, तेव्हा तिची आई तिला घट्ट धरते आणि रडते. त्या रडण्यात आनंदापेक्षा सुटकेचा भाग मोठा आहे, इतका मोठा की तो कळायला जपानी यावी लागत नाही. साकीला मग देवळात नेतात. होमाची आग, धूर, मंत्रोच्चार. भिक्षू तिची शक्ती आधी बंद करतो आणि मग तिचा स्वतःचा मंत्र देऊन तिच्या हाती सोपवतो. या प्रसंगाचे चित्रण मला फार आवडले. धुराने पोरीचे डोळे चुरचुरत आहेत, समोर आगीचा नारिंगी गोळा आहे आणि मोठ्यांचे आवाज ओळखीचे असूनही परके झाले आहेत. लहानपणी देवळात अवसर येताना, म्हणजे कुणाच्या अंगात देव येताना, पाहिलेल्या कुणालाही ते धाकधुकीचे सुख आठवेल. आपण भिणार हे मोठ्यांना माहीत आहे, आणि त्यांना ते हवेही आहे.

आणि गावाभोवती दोर आहे. भाताच्या पेंढ्याचा जाड वळलेला दोर, त्याला पांढऱ्या कागदाच्या नागमोडी पट्ट्या. जपानी देवळांवर असतो तसाच, पण इथे तो साऱ्या गावाला वेढून आहे. मुलांनी त्याच्या पलीकडे जायचे नाही. पलीकडे काय आहे, याच्या गोष्टी शाळेत सांगितल्या जातात. शिवेबाहेर गेलेल्या मुलाच्या मागून राक्षस गावात कसा शिरू पाहतो, अशी त्यातली एक. हा दोर पडद्यावर आला तेव्हा मी भाचीकडे पाहिले आणि ती हसली. तिने मला ही मालिका का लावून दिली, ते तेव्हा कळले.

आमच्याकडे दोर लागत नाही. शीव कुठे संपते ते पोराला चालायला लागल्यावर वर्षभरात ठाऊक होते. वहाळाकाठचा वड, पाणंदीच्या तोंडाशी उभा केलेला शेंदूर फासलेला दगड, पलीकडच्या सड्यावरची एकटी घाटी. तिथून आत राखणदाराचे राज्य. तो रात्री शीव फिरतो, त्याच्या हातात काठी असते, खांद्यावर घोंगडी असते आणि वहाणांचा करकर आवाज ज्याने ऐकला त्याने मागे वळून पाहायचे नसते. आरवलीच्या वेतोबाला आजही भक्त चामड्याच्या भल्या थोरल्या चपला वाहतात, कारण गावाच्या राखणीसाठी रात्रभर चालून त्याच्या चपला झिजतात अशी श्रद्धा आहे. त्या देवळात ठेवलेला चपलांचा जोड मी लहानपणी पाहिला तेव्हा माझे अख्खे पाऊल त्याच्या अंगठ्याच्या जागेत मावेलसे वाटले होते. मला त्या चपलांची भीती वाटली नाही. एवढ्या मोठ्या पायांचा कुणीतरी रात्री आपल्या घरावरून जातो, या कल्पनेने झोप गाढ लागायची. साकीच्या गावातला दोर पाहताना मला आधी तेच वाटले, की या मुलांना झोप चांगली लागत असणार.

गावपळणीची गोष्ट तर या मालिकेच्या लेखकाला कुणी सांगितली असती, तर त्याने ती नक्की घेतली असती. मालवण तालुक्यातल्या आचऱ्याला, चिंदरला, काही वर्षांच्या अंतराने देवाचा कौल झाला की सारे गाव घरे बंद करून शिवेबाहेर जाते. गुरे, कोंबड्या, कुत्री, तान्ही मुले, अंथरुणाला खिळलेली म्हातारी, सगळे. तीन दिवस आणि तीन रात्री माळावर झोपड्या उभारून राहायचे आणि गाव ज्यांच्यासाठी सोडले त्यांच्याकडे असू द्यायचे. आचऱ्याच्या गावपळणीत एकदा शिवेबाहेर पाहुणी म्हणून एक दिवस काढला होता. चुली पेटल्या होत्या, भजने चालली होती, चाकरमानी मुद्दाम रजा टाकून आले होते. सगळा जत्रेचा थाट. पण संध्याकाळी गप्पा मारता मारता माणसे मधेच रिकाम्या गावाकडे पाहायची आणि आवाज खाली यायचा. कुणी कुणाला त्याबद्दल काही विचारत नव्हते. आपले घर तिथे दिसते आहे, किल्ली आपल्या कनवटीला आहे, आणि तरी आज ते आपले नाही, हे सगळ्यांना मान्य होते. ती मान्यता सुंदर होती. चौथा भाग पाहिल्यापासून मी त्या सुंदरपणाकडे जरा संशयाने पाहू लागले आहे, आणि त्याचा मला थोडा रागही येतो, कारण मालिकेने माझ्याकडून एक आवडती गोष्ट काढून घेतल्यासारखे झाले आहे.

शाळेतल्या त्या मुलीमुळे हे झाले. साकीच्या गटात सुरुवातीला सहा मुले आहेत. वर्गात मनाच्या बळावर पत्त्यांचे मनोरे रचायचे असतात. शुन नावाचा देखणा, शांत मुलगा ते लीलया करतो, सातोरू फुशारकी मारत करतो, आणि रेइको नावाच्या मुलीला ते जमत नाही. तिचे पत्ते पडतात. ती पुन्हा उचलते, ते पुन्हा पडतात. कुणी तिला रागावत नाही, मारत नाही. गुरुजींचा आवाजसुद्धा चढत नाही. नंतर केव्हातरी गटात पाचच मुले असतात. तिच्याबद्दल कुणी विचारत नाही; साकीसुद्धा मैत्रीण हरवल्यासारखी वागत नाही. कॅमेरा तिच्या रिकाम्या जागेवर थांबतही नाही. मी भाग मागे नेऊन पाहिला, मला वाटले माझेच एखादे दृश्य सुटले. तसे काही नव्हते. मालिकेने प्रेक्षकालाही गावाच्या वागणुकीत सामील करून घेतले होते. पुढच्या गमतीजमतीत, शाळेच्या चुरशीच्या खेळात मीही रंगून गेले होते आणि ती पोर माझ्याही मनातून निघून गेली होती.

आईला मी ही कथा नंतर सांगितली, एका दुपारी, फणसाचे गरे सोडवताना. विळीला आणि बोटांना तेल लावून ती गरे काढत होती आणि मी आठळ्या वेगळ्या करत होते. शक्ती, हजार वर्षे, दोर हे सगळे तिने दशावतारातल्या आख्यानासारखे सहज मान्य केले, त्यात तिला काही अडले नाही. रेइकोपाशी मात्र तिचा हात थांबला. "आणि त्या चेडवाच्या आवशीन तेका सोधूक नाय?" मी सांगितले की तिची आई मालिकेत दिसलेलीच नाही. आईने मान हलवली आणि पुढचा गरा घेतला. मला मात्र एकदम आमच्या वाडीतली भर दुपारची विहीर आठवली.

भाटाच्या, म्हणजे माडांच्या बागेच्या, टोकाला एक घर होते. त्या घराशी गाव बोलत नसे. शिमग्यात शबय मागत फिरणारी पोरे त्या खळ्याला वळसा घालून पुढे जात, गणपतीत भजनाची फेरी तिथे थांबत नसे, आणि त्या घरची बाई पाण्याला येई ती दुपारी, ऐन उन्हात, विहिरीवर कुणी नसताना. तिची मुलगी माझ्या वर्गात होती. पाटीची फुटलेली चौकट पत्र्याच्या पट्टीने सांधलेली, केसांना करडईचे तेल, अक्षर माझ्यापेक्षा चांगले. शाळेतून येताना आम्ही सगळ्या एका मेरेवरून आणि ती पलीकडच्या. तिच्याशी बोलू नको असे मला घरात कधीही कुणी सांगितले नाही. ही गोष्ट मी पुष्कळदा आठवून पाहिली आहे, सांगितलेच नाही. जमिनीचा काही दावा होता, गावकीचा निकाल न मानता त्या घराने कोर्टाची पायरी चढली होती, हे मला मोठेपणी कळले. तेव्हा फक्त एवढे ठाऊक होते की ते घर दिसत असूनही पाहायचे नाही. पुढे ती माणसे मुंबईला गेली. घराला कुलूप लागले. त्या मुलीचे काय झाले असे मी कुणाला विचारले नाही, आणि विचारावेसे वाटले नाही हे त्याहून ठळक आठवते.

वाळीत टाकणे हा आपल्याकडे आता गुन्हा आहे. महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा २०१६ मध्ये संमत केला आणि तो २०१७ च्या जुलैमध्ये लागू झाला. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. रायगड आणि रत्नागिरी जिल्ह्यांतल्या तक्रारींनी त्याआधीची काही वर्षे वर्तमानपत्रे भरलेली असत. कायदा झाला हे चांगलेच झाले. पण मालिकेत जे पाहिले ते कायद्याच्या पकडीत कसे येईल, असा विचार करताना मी अडते. कायद्याला कुणीतरी ठराव केलेला लागतो, दवंडी लागते, दंड मागितलेला लागतो. कामिसु ६६ मध्ये शिक्षण मंडळ आहे, नीतिमत्ता समिती आहे, आणि तिथली माणसे सभ्य आहेत, चहा विचारतात. सुरुवातीच्याच भागांत साकी रात्री आईवडिलांचे दबक्या आवाजातले बोलणे ऐकते आणि त्यात तिच्या आईचा आक्रोश आहे, की आणखी एक मूल मला गमवायचे नाही. आणखी एक. या शब्दावर दृश्य संपते. बाप समजूत घालतो. सकाळी घरात न्याहारी होते. या बाईला सगळे ठाऊक आहे आणि ती सकाळी उठून भात वाढते आहे, हे पाहून मला तिचा तिटकारा आला, आणि लगेच असे वाटले की दुसरे ती काय करणार होती.

भाचीचे म्हणणे सरळ आहे: मोठी माणसे खोटारडी आहेत. तिच्या वयाला ते शोभते आणि कदाचित बरोबरही असेल. मला वाटते, भविष्यातल्या जुलमी जगाच्या बहुतेक कथांत भिणारे लोक खाली असतात आणि भीती घालणारे वर. इथे वरचे लोकच जास्त भ्यालेले आहेत. त्यांच्या घरात जे लेकरू झोपले आहे ते उद्या रागावले, वेडे झाले, तर सगळे गाव एका दुपारी संपवू शकेल. आपण पोरांना देवचाराची भीती दाखवतो; या गावात आईबाप पोरांनाच भितात आणि ती भीती लपवण्यासाठी दोर बांधतात, गोष्टी रचतात, गाणी वाजवतात. चौथ्या भागात मुलांना रानात एक विचित्र प्राणी सापडतो. तो प्राणी नसून जुन्या काळातले चालतेबोलते ग्रंथालय निघते, आणि मधल्या हजार वर्षांत काय झाले ते घडाघडा सांगून टाकते. राजे, कत्तली, पुन्हा राजे. ते ऐकल्यावर दोराचा राग करणे जड जाते. मला हीच या मालिकेची खरी ताकद वाटली, की ती मला व्यवस्थेच्या बाजूने विचार करायला लावते आणि मग त्या विचाराची लाजही वाटायला लावते.

अर्थात सगळेच साधले आहे असे नाही. हा चौथा भाग जवळजवळ व्याख्यान आहे. इतिहासाचा एवढा ऐवज संवादांतून कोंबला आहे की भाची नसती तर मी अर्ध्यात उठले असते. नावे पुष्कळ, संस्था पुष्कळ, आणि पहिल्या भागात काळ मागेपुढे असा उड्या मारतो की वही घेऊन बसावे लागते. चित्रांची प्रतही एकसारखी नाही. पार्श्वभूमी अप्रतिम रंगवलेली आणि तिच्यापुढे पात्रांचे चेहरे मात्र काही ठिकाणी घाईने उरकलेले दिसतात. ज्यांना पहिल्या तासाभरात कथा पकडायला हवी त्यांनी या वाटेला जाऊ नये. मला त्या संथपणाचा कंटाळा आला नाही, पण मी पावसाळ्यात तासन्‌तास पागोळ्या पाहत बसणारी आहे, त्यामुळे माझे मत धरू नका.

तिसऱ्या भागातले एक दृश्य मात्र कंटाळा येणाऱ्यांनीही पाहावे. शाळेची सहल आहे, मुले होड्या घेऊन नदीतून निघाली आहेत. रात्री साकी आणि शुन दोघेच एका होडीत जातात, शेकोटी मागे लहान होत जाते आणि शुन मनाच्या बळावर पाणी स्तब्ध करतो. लाट नाही, वलय नाही. वरचे सगळे आभाळ पाण्यात उतरते आणि होडी ताऱ्यांमध्ये टांगलेली राहते. आमच्या खाडीत कधी कधी रात्री वल्हे मारले की पाण्यात निळसर उजेड फुटतो, तो मी बोटीच्या कडेवरून हात घालून पाहिलेला आहे. हाताला काहीच लागत नाही आणि बोटे उजळतात. पण ते पाणी हलल्यामुळे दिसते. इथे पाणी हलायचे थांबल्यामुळे दिसते. पोराच्या अंगी असलेली जी शक्ती साऱ्या गावाला धाकात ठेवते आहे, तिचा याहून निरुपद्रवी, याहून प्रेमळ उपयोग मला सुचत नाही. आणि तरी नदी थांबवू शकणारा बारा वर्षांचा मुलगा पाहून मोठ्यांना काय वाटेल, हेही त्याच क्षणी कळले. मी त्या वेळी नक्की कुणाच्या बाजूला होते, ते मला सांगता येणार नाही.

आणखी एक गोष्ट मला टोचली, तिचे मालिका पुढे काय करते ते पाहायचे आहे. शिवेबाहेर उंदरांसारखी दिसणारी, दोन पायांवर चालणारी, बोलणारी एक जमात आहे. ती माणसांची कामे करते आणि माणसांना 'देव' म्हणते. साकी त्यांच्यातल्या एकाला पाण्यातून वाचवते, तेव्हा बाकीची मुले तिला हसतात. मुले वाईट नाहीत, त्यांना फक्त तो जीव आपल्यासारखा वाटत नाही. त्याची वाकलेली मान, हात जोडणे, जड जिभेने काढलेले आदराचे शब्द, हे सगळे विनोदी अंगाने येते आणि मीही पहिल्यांदा हसले. मग मला आमच्या आजोबांच्या वेळचे खळे आठवले. कवळ तोडून आणणारा, माडावर चढणारा गडी खळ्यात उभा राहायचा, ओटीची पायरी चढायचा नाही, आणि आजी वरून त्याच्या ओंजळीत पाणी ओतायची. शिवेच्या आतही एक शीव होती आणि तिला वड, दगड काही नव्हते. राखणदार कुणाची राखण करतो, असे तेव्हा कुणी विचारले असते तर आम्ही 'गावाची' असे म्हटले असते आणि त्यात तो गडी आपण धरला की नाही, याचा विचारही केला नसता. ही जमात मालिकेत नुसती शोभेला ठेवली असेल तर माझी फार निराशा होईल. तसे वाटत नाही. त्यांच्यावर कॅमेरा जरा जास्तच वेळ थांबतो.

पुढचे भाग मी दुपारी पाहते आहे, कारण घरात तिन्हीसांजेचा नियम आहे. एक विचार मात्र पहिल्या भागापासून सुटलेला नाही. ही सगळी कथा साकी सांगते, आणि सांगणारा आवाज मोठ्या बाईचा आहे; शांत, जपून शब्द वापरणारा, मागे वळून पाहणारा. म्हणजे ती जगली, वयाने वाढली, बहुधा त्याच गावात. मोठ्यांना ठाऊक असलेले सगळे आता तिलाही ठाऊक आहे. ती हे लिहून ठेवते आहे, यावरून ती त्यांच्यासारखी झाली नसेल असे मानायला मी उत्सुक आहे, पण तिच्या आवाजात मला राग कुठे ऐकू येत नाही. तो दोर तिने सोडवला, की आता तोच दर वर्षी नवा वळून घेण्याचे काम तिच्याकडे आले आहे?